पाळलेला कोळी आणि पाळणाराचा हात

कोळी पाळतात, असें म्हटलें तर आमच्या पुष्कळ वाचकांस हंसूं येईल, व त्यांच्या मातोश्रींस तर शिसारीच येईल. दिवाळी जवळ आली कीं केरसुणीनें जाळींजळमटें काढून टाकणें, एवढाच ज्या प्राण्याशीं आपला वर्षानुवर्षांचा व्यवहार, त्यास मुद्दाम काचेच्या पेटींत ठेवून त्याच्या खाण्यापिण्याची चिंता वाहणें हें प्रथम ऐकतांना विचित्र वाटणारच. तथापि युरोप-अमेरिकेंत टॅरँटुला नांवाचे मोठे केसाळ कोळी पाळणारे लोक पुष्कळ आहेत, व अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतूनही ही हौस शिरली आहे. हौस चांगली कीं वाईट हा वाद आम्ही येथें फार वाढवीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यास हा प्राणी पाळावयाचा असेल त्यानें प्रथम आपले हात आवरण्यास शिकावें. कुत्र्यास कुरवाळावें, पोपटास बोलतें करावें, गाईची मान खाजवावी. कोळ्यास यांपैकीं कांहींच नको असतें. आमच्या मतें त्याच्या जिवास मोठी भीति असते ती पाळणाराच्या अति काळजीची. आणि ही काळजी विशेषेंकरून दोन प्रसंगीं अनावर होते. एक, तो कात टाकतो तेव्हां. व दुसरा, त्यास एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागतें तेव्हां.

आधीं या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊं. टॅरँटुला हें नांव मूळचें त्याचें नव्हेच. दक्षिण इटलींतील टारँटो शहराच्या आसपास आढळणाऱ्या एका निराळ्या, आकारानें बऱ्याच लहान अशा कोळ्यास तें होतें. तो चावला असतां मनुष्यानें बेभान होऊन नाचावें, म्हणजे विष उतरतें, अशी तिकडील लोकांची समजूत होती, व त्यावरून तिकडील एका नाचासही तसेंच नांव पडलें. पुढें युरोपियन लोकांस अमेरिकेंत तळहाताएवढे केसाळ कोळी दिसले, आणि तेंच नांव त्यांनीं या नव्या प्राण्यांच्या माथीं मारलें. मारिया सिबिला मेरियन या विदुषीनें सूरिनामच्या कीटकांवरील आपल्या १७०५ सालच्या ग्रंथांत असा एक कोळी लहानशा पक्ष्यास खात असलेला चितारला आहे. बाईंनीं कल्पनेनें चित्र रंगविलें, असें म्हणून पुष्कळ पंडितांनीं त्याची टर उडविली. परंतु हेन्री बेट्स यानें अमेझॉनच्या अरण्यांत तसाच प्रकार डोळ्यांनीं पाहून १८६३ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांचीं तोंडें बंद झालीं. आज या कुळांतील हजाराहून अधिक जाति शास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. पाळणारांची विशेष आवडती जात म्हणजे मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील तांबड्या गुडघ्यांचा कोळी. तिची मादी वीस वर्षांहून अधिक जगूं शकते. नर मात्र कांहीं वर्षांत वयांत येतो, आणि वयांत आल्यावर बहुधा फार काळ टिकत नाहीं.

पाळणाराची पहिली परीक्षा उपासानें होते. आठवड्यास एक रातकिडा झडप घालून खाणारा कोळी एके दिवशीं खाणें बंद करतो. पुढ्यांत टाकलेल्या भक्ष्याकडे तो ढुंकून पाहत नाहीं. कित्येकदां त्यास पाहून उलट मागेंच सरतो. पिल्लाचा हा उपास कांहीं दिवसांचा, पण मोठ्या कोळ्याचा कांहीं आठवड्यांचा व क्वचित् कांहीं महिन्यांचाही असतो. अंगाचा रंग फिका व मळकट दिसूं लागतो. पोटावर जेथें केस झडून टक्कल पडलेलें असतें तेथील कातडी काळवंडते, कारण तिच्याखालीं नवे केस उगवून तयार झालेले असतात. कांहीं कोळी तर बिळाचें तोंड मातीनें व रेशमी धाग्यांनीं लिंपून आंत दडून बसतात. हीं सर्व कात टाकण्याचीं पूर्वचिन्हें होत. ज्यास हें ठाऊक नाहीं त्याची धांदल उडते. तो रोज निराळें भक्ष्य आणून टाकतो, काडीनें डिवचून पाहतो, आणि लिंपलेलें बीळ उकरून, आंत जीव आहे कीं नाहीं याची खात्री करून घेतो. घरांत कोणीं जेवण टाकलें कीं आजीबाई जशा पानांत वाढीतच राहतात, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, नातवास पानावरून उठून जातां येतें.

रेशमाचे किडे पाळणाऱ्या शेतकऱ्यांस हें समजावून सांगावें लागत नाहीं. कोश विणण्यापूर्वीं तो किडा चार वेळां कात टाकतो, व प्रत्येक खेपेस डोकें वर उचलून निश्चल बसतो. अशा वेळीं शेतकरी पाला घालणें थांबवितात, तबकें कोरडीं व हवेशीर ठेवतात, आणि त्यांस धक्का लागूं देत नाहींत. कोंकणच्या किनाऱ्यावर खेकडे धरणारांसही नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा परिचयाचा असतो. कोळी, खेकडा व किडा या तिघांचाही सांगाडा अंगाबाहेर असतो. तो अंगाबरोबर वाढत नाहीं, म्हणून आंतून नवा तयार करून जुना फेंकून द्यावा लागतो. इतकें ध्यानांत आलें म्हणजे उपासाचें कोडें सुटतें. ज्याचें तोंड, दांत व जठराचें अस्तर हीं सर्व बदलावयाचीं आहेत, त्यानें जेवावें तरी कसें?

प्रत्यक्ष कात टाकण्याच्या वेळीं तर नवशिक्याची पुरती गाळण उडते, कारण बहुतेक टॅरँटुला त्या वेळीं चक्क उताणे पडतात. कोळी जमिनीवर रेशमाची चटई विणतो, तिच्यावर पाठ टेकतो, आणि आठही पाय वर करून निश्चल होतो. प्राणी मेला, अशी समजूत होऊन कांहीं जण त्यास उचलून फेंकून देतात. वस्तुतः मेलेला कोळी बहुधा उताणा नसतो. तो पालथाच असतो, व त्याचे पाय पोटाखालीं मुठीसारखे आवळलेले असतात. याचें कारण मोठें मौजेचें आहे. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांत पाय दुमडणारे स्नायू आहेत, पण पसरणारे नाहींत; पाय पसरतात ते आंतील रक्ताच्या दाबानें. जीव गेला कीं दाब गेला, आणि दाब गेला कीं पाय मिटले. तेव्हां उताण्या पडलेल्या कोळ्याविषयीं शोक करण्यापूर्वीं त्याचे पाय पाहावे.

याच दाबाच्या जोरावर कोळी जुन्या कवचांतून सुटतो. पोटांतील रक्त पुढील भागाकडे ढकललें जातें, पाठीवरील कवच कडेनें उकलून डब्याच्या झांकणाप्रमाणें सुटें होतें, आणि मग हातमोज्यांतून बोटें काढावीं तसा एकेक पाय हळूहळू बाहेर निघतो. पिल्लाचें हें काम थोडक्यांत उरकतें. मोठ्या मादीस कित्येक तास लागतात. त्या अवधींत नवें अंग लोण्यासारखें मऊ असतें. कोणीं पालथें करूं पाहिलें, पाय मोकळा करण्यासाठीं ओढला, किंवा पेटी उचलून मित्रांस दाखविण्यास नेली, तर पाय तुटतो, वांकडा होतो, किंवा कातडी फाटून रक्तस्रावानें कोळी मरतो. त्याच्या अंगावर पाण्याचे फवारे मारणें हाही एक प्रचलित वेडेपणाच होय. आणि पेटींत जिवंत रातकिडा राहून गेला असेल, तर ज्याचें भक्ष्य होण्यासाठीं त्यास आणलें तोच या मऊ अंगास कुरतडतो.

येथें कोणी म्हणेल कीं, मग पाळणारानें करावयाचें तरी काय? हातांची घडी घालून बसण्यास काळजी हें नांव द्यावयाचें काय? आक्षेप वाजवी आहे, कारण हात न लावण्याचें निमित्त सांगून निष्काळजी राहणारे लोकही आहेत. आमचें उत्तर असें कीं, कोळ्याची सर्व चाकरी आधीं करून ठेवावयाची असते. न खाल्लेलें भक्ष्य त्याच दिवशीं बाहेर काढावें. पाण्याची बशी सदैव भरलेली असावी, कारण अंगांत पाणी कमी असेल तर दाब उत्पन्न होत नाहीं, व कोळी जुन्या कातींतच अडकून बसतो. ओलाव्याच्या प्रदेशांतील जात असेल तर मातीचा खालचा थर अगोदरपासून दमट ठेवावा. पेटी उन्हांत, दाराशीं किंवा पंख्याखालीं नसावी. हें महिनाभर आधीं ज्यानें केलें, त्यास त्या दिवशीं दुरून पाहण्यापलीकडे काम उरत नाहीं. ज्यानें केलें नाहीं, त्याची त्या दिवशींची धांवपळ बहुधा व्यर्थ जाते. कातींत अर्धवट अडकलेल्या कोळ्यास ओल्या कुंचल्यानें साह्य करणारे अनुभवी लोक आहेत. पण तें काम त्यांचें, शिकाऊ विद्यार्थ्याचें नव्हे.

कात टाकल्यावरही धीर धरावयाचा असतो. नवे विषदंत प्रथम पांढरे, मग तांबूस व शेवटीं काळे होतात. ते काळे होईपर्यंत भक्ष्य देणें म्हणजे ओल्या मडक्यांत पाणी भरणें होय. पिल्लास थोडे दिवस पुरतात. मोठ्या कोळ्यास दहा दिवस ते दोन आठवडे सहज लागतात. आपला कोळी पाहा कसा तजेलदार झाला, म्हणून नेमका याच वेळीं तो पाहुण्यांपुढें मांडण्याचा मोह होतो, कारण कातीनंतर रंग खरोखरच नव्या पैठणीसारखे झळकतात. हात शिवशिवत असतील त्यांनीं ते टाकलेल्या कातीकडे वळवावे. ती फेंकून देण्याजोगी वस्तु मुळींच नव्हे. तिच्यांत विषदंत आहेत, जठराचें अस्तर आहे, पुस्तकाच्या पानांसारख्या थरांच्या फुप्फुसांचें पांढरें अस्तरही आहे. कोमट पाण्यांत साबणाचा एक थेंब टाकून ती मऊ केली व हलक्या हातानें पसरली, तर पुढील दोन फुप्फुसांच्या मध्यें मादीची बीजकोशिका भिंगाखालीं ओळखतां येते, आणि जिवंत प्राण्यास स्पर्श न करतां तो नर कीं मादी हें ठरतें. पूर्वीं तुटलेला पाय कातीबरोबर पुन्हा फुटतो; पहिल्या खेपेस तो बारीक असतो, आणि पुढील एक-दोन कातींत पहिल्यासारखा होतो. वयांत आलेल्या नरास मात्र ही सोय बहुधा उरत नाहीं, कारण त्याची ती कात बहुधा शेवटची ठरते.

आतां घर बदलण्याविषयीं. या मोठ्या कोळ्यांच्या दूरच्या नात्यांतील एका प्राण्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांत बार्बरा यॉर्क मेन या विदुषीनें १९७४ सालीं, बिळास झांकण करून राहणाऱ्या कोळ्यांचें निरीक्षण सुरू केलें, व एकेका बिळास क्रमांक दिला. त्यांतील १६ क्रमांकाची मादी ४३ वर्षें जगली, आणि तो सर्व काळ तिनें एकाच बिळांत काढला. २०१६ च्या अखेरीस तिच्या झांकणास एका परोपजीवी गांधीलमाशीनें पाडलेलें भोंक आढळलें, व आंत ती नव्हती. २०१८ सालीं हें वृत्त प्रसिद्ध झालें तेव्हां इतकें दीर्घायुष्य दुसऱ्या कोणत्याही कोळ्याचें नोंदलेलें नव्हतें. ज्या प्राण्याच्या भाऊबंदांत बिऱ्हाड न बदलतां चाळीस वर्षें राहण्याची रीत आहे, त्यास दर दोन महिन्यांनीं नवी शोभिवंत पेटी करून देणारा मनुष्य हौसेखातर त्याचा छळच करतो, असें आम्हांस वाटतें.

घर बदलण्याची खरी गरज लागते ती प्राणी वाढून जागा अपुरी पडल्यावर, किंवा मातीस बुरशी व कीड लागल्यावर. नवी पेटी निवडतांना सामान्य ग्राहक उंच काचेच्या पेटीवर भुलतो. बिळांत राहणाऱ्या कोळ्यास उंची घातक असते. तो काचेवर चढतो आणि पडला तर त्याचें पोट फुटतें. म्हणून काथ्याच्या भुशाचा किंवा मातीचा थर खोल भरावा, इतका कीं, वर मोकळी उंची कोळ्याच्या पसरलेल्या पायांहून फारशी अधिक राहूं नये. झाडावर राहणाऱ्या जातीचें उलट. तिला उभी पेटी व सालीचा तुकडा हवा. आडोशासाठीं नारळाची अर्धी करवंटी पुरते. कातीच्या थोडें आधीं व कातीनंतरचे कांहीं आठवडे हें काम हातीं घेऊं नये.

हलविण्याची रीत अगदीं साधी आहे. जुनी व नवी अशा दोन्ही पेट्या एका मोठ्या पसरट टोपांत ठेवाव्या, म्हणजे कोळी निसटला तरी टोपाबाहेर जाणार नाहीं. त्याच्यावर पारदर्शक पेला हळूच पालथा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा, व पेला नव्या घरांत उघडावा. चालत नसेल तर मागच्या पायांस मऊ कुंचला लावावा. फुंकर कदापि घालूं नये. श्वास लागतांच शांत दिसणारा कोळी बाणासारखा सुटतो. घाई असेल त्या दिवशीं हें काम करूंच नये. नव्या घरीं गेलेला कोळी कोपऱ्यांत आक्रसून बसतो, कित्येक दिवस खात नाहीं, पाण्याच्या बशींत माती भरून ठेवतो. त्याचें बिऱ्हाड त्यास लावूं द्यावें.

यांत पाळणाराच्या शरीरासही धोका आहे, हें सांगितलेंच पाहिजे. अमेरिका खंडांतील पुष्कळ जाति मागच्या पायांनीं पोटावरील बारीक कांटेरी केस उडवितात. इंग्लंडांतील लीड्स येथील एक मनुष्य पेटीच्या काचेवरील डाग पुसत असतां त्याच्या कोळ्यानें असा केसांचा मारा केला. डोळ्यांत रुतलेले ते केस वैद्यांस भिंगाखालीं दिसले, आणि ही हकीकत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रानें २०१० सालीं छापली. आशियांतील जातींस हे केस नसतात. पण त्यांची चाल चपळ व विष अधिक तीव्र असतें, आणि दंश झाल्यास स्नायूंस पेटके येतात.

आशियाचें नांव निघालें म्हणून आपल्या देशाविषयींही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. भारत व श्रीलंका या दोनच देशांत आढळणारें पोसिलोथेरिया नांवाचें एक सुंदर कूळ जुन्या झाडांच्या ढोलींत राहतें. आंध्र प्रदेशांतील गुत्ती येथील रेल्वेच्या लाकडांच्या वखारींत सांपडलेल्या या कुळांतील एका निळ्या कोळ्याचें वर्णन पोकॉक यानें १८९९ सालीं केलें. त्यानंतर शंभर वर्षें शास्त्रज्ञांस तो पुन्हा आढळला नाहीं. २००१ सालीं नंद्याल व गिद्दलूर यांमधील जंगलांत सांपडला. २००८ सालीं त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली. हा निळा कोळी परदेशांतील हौशी लोकांच्या पेट्यांत वाढतो व विकला जातो, आणि त्याच्या जन्मभूमींतील जंगल मात्र सरपणासाठीं व इमारती लाकडासाठीं तोडलें जातें! वन्य जीवांच्या व्यापारास आळा घालणाऱ्या साइट्स करारांत मेक्सिकोच्या तांबड्या गुडघ्यांच्या कोळ्याचें नांव १९८५ सालीं आलें; आपल्या पोसिलोथेरिया कुळाचें येण्यास २०१९ साल उजाडलें. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, या कराराच्या याद्यांतील परदेशी प्राणी जवळ बाळगणारास नोंदणीचें बंधन घातलें आहे. तेव्हां सुटींत गांवीं गेलेल्या आमच्या एखाद्या धाडसी विद्यार्थ्यास फणसाच्या ढोलींत असा कोळी दिसला, तर त्यानें तो बरणींत घालून शाळेंत आणूं नये. त्याचें चित्र काढावें, जागा व तारीख लिहून ठेवावी, आणि ढोली तशीच राहूं द्यावी.

शाळेच्या शास्त्रगृहांत कोळी ठेवावा काय, या प्रश्नावर आमच्यांत मतभेद झाला, व तो अद्याप मिटलेला नाहीं. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं, विद्यार्थी पांच-सहा वर्षांत शाळा सोडून जातात आणि मादी वीस वर्षें जगते. दरवर्षीं नवा वर्ग नव्या उत्साहानें तिला डिवचील, आणि हौसेचे नव्याचे नऊ दिवस संपले कीं पेटी कपाटाच्या माथ्यावर धूळ खाईल. हें खोटें नव्हे. तरीही आमच्यांतील बहुतेकांचा कौल ठेवण्याच्या बाजूस पडतो, पण कांहीं अटींवर. प्राणी पाळीव पैदाशीचा व रीतसर नोंदलेला असावा. कोणी तरी एका शिक्षकानें त्याची जबाबदारी पत्करावी, म्हणजे मे महिन्याच्या सुटींतही पाण्याची बशी कोरडी पडणार नाहीं. पेटीचें झांकण उघडण्याचा अधिकार त्या शिक्षकांखेरीज कोणासही नसावा. आणि पेटीशेजारीं एक वही दोऱ्यानें बांधलेली असावी. शेवटचें भक्ष्य कोणत्या दिवशीं घेतलें, बिळाचें तोंड केव्हां लिंपलें, कात कोणत्या तारखेस पडली, विषदंत किती दिवसांनीं काळे झाले, एवढेंच विद्यार्थ्यांनीं तींत पाळीपाळीनें लिहावें. मोठ्या मादीच्या बाबतींत वर्षभरांत पंधरा-वीस ओळींपलीकडे मजकूर होणार नाहीं. पांचवींतील जो मुलगा किंवा मुलगी पहिली ओळ लिहील, ती शाळा सोडून जातांना त्या वहीचीं फार तर चार-पांच पानें भरलेलीं असतील, आणि ती दोऱ्यासकट खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावी लागेल.